दोन ओम्न्या, एक इंजिन

सुरतेतल्या उधना स्टेशनच्या मागच्या गल्ल्यांत यंत्रमागांची खटखट थांबत नाही. गल्लीच्या तोंडाशी साड्यांच्या पार्सलांनी भरलेला टेम्पो अडकलाय. त्याच्या बाजूनं अंग चोरून आत शिरावं लागतं. पुढं जमीन काळी होत जाते. वर्षानुवर्षं सांडलेलं ऑइल मुरलेली माती. चपलेला धरून ठेवते.

मे संपत आलाय. नंदुरबारचं ऊन कोरडं असतं. इथं हवेत समुद्राची ओल आहे, सदरा पाठीला चिकटला की सुटत नाही. जूनमध्ये शाळा उघडणार, म्हणून व्हॅनवाल्यांची आत्ताच घाई. पत्र्याच्या शेडबाहेर ओम्न्यांची रांग. एकीचा क्लच सरकतो, एकीचं पासिंग जवळ आलंय. आठ वर्षांपलीकडच्या धंद्याच्या गाडीला दरवर्षी फिटनेस काढावं लागतं आणि ओम्नी बनणं २०१९ मध्येच थांबलं. त्यामुळे रांगेत नवी गाडी कुठून दिसणार? सगळ्या जुन्याच.

व्हॅनचे मालक सावलीच्या पट्ट्यात बसलेत. सावली सरकते तसे तेही सरकतात. फुदिन्याचा चहा येतो. बोलणं लिंबायतच्या पाण्यावरून धुळ्याच्या लग्नावर जातं. मिस्तरी गिऱ्हाइकाशी गुजराती बोलतो, पोऱ्याशी हिंदी. बोल्ट अडला की अहिराणी.

ओम्नीला पुढं बॉनेट नाही. इंजिन पाहायचं तर पुढच्या सीटच उचलायच्या. इथं दोन्ही सीट बाहेर काढून भिंतीला टेकवल्यात. एका सीटच्या फटीतून पेन्सिलीचा तुकडा आणि चॉकलेटचे कागद पडलेत. खाली तीन सिलिंडरांचं, ७९६ सीसीचं इंजिन. १९८४ मध्ये मारुती व्हॅन म्हणून ही गाडी आली, तेव्हापासून हाच आकडा. मिस्तरी डिपस्टिक ओढतो आणि मालकापुढं धरतो. काठीवर ऑइल नाही, कोल्ड कोकोच्या रंगाचा फेस आहे.

“पाणी आणि ऑइल एक झालं, नाना.”

नाना मान हलवतात. रेडिएटर गाडीच्या नाकाशी, इंजिन सीटखाली. मधलं पाणी पाइपांतून जातं. त्यातला एक पाइप बरेच दिवस गळत होता. काटा लालवर गेला तेव्हा घर जवळ आलं होतं, म्हणून गाडी थांबवली नाही. तेवढ्यात अॅल्युमिनियमचं हेड वाकलं, गॅसकेट फुटलं. हेड आधीच उतरवून ठेवलंय. मिस्तरी बोअरवरून बोट फिरवतो, मग नानांचं बोट धरून तिथंच फिरवतो. उभे चरे हाताला लागतात.

बोअर मारायचा, पिस्टन-रिंग टाकायच्या, क्रँक घासायचा, हेडला फेसिंग करायचं. सगळं होतं. पण लेथवाल्याकडेही मेमध्ये अशीच रांग असते.

म्हणून शेडच्या मागं चला. तिथं दुसरी ओम्नी उभी आहे, पांढरी. कटिंगला आलेली. डावी बाजू ठोकर लागून आत गेलीय, फरशी गंजून खालची माती दिसते. दोन दरवाजे आधीच विकले गेलेत. इंजिन मात्र सकाळीच चालू करून ऐकलंय. मिस्तरीनं आधी ऑइलचं झाकण काढून धूर येतो का पाहिला. मग तिन्ही प्लग काढून कंप्रेशनचं घड्याळ एकेका भोकावर धरलं. काटा तिन्ही वेळा जवळपास एकाच जागी थांबला. एखादाच मागं राहिला असता, तर सौदा तिथंच मोडला असता.

अजून एक तपासणी आहे, ती सुरतेचीच. मिस्तरी मागच्या लाइटची काच काढतो. आत बोट घालतो. सीटच्या पट्ट्यांखाली, डॅशबोर्डच्या पाठीमागं टॉर्च मारतो. गाळाची रेघ शोधतोय. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून सोडलेलं पाणी तापीनं शहरभर पसरवलं, तेव्हा हजारो गाड्या बुडाल्या. इकडच्या वस्त्यांना खाडीपूर तर अधूनमधून येतंच. बुडालेली गाडी कुणी तशीच चालू केली, की सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बाहेरून कळत नाही. मिस्तरी बोट पाहतो. कोरडी धूळ. “बरोबर शे.”

नुसतं इंजिन बाजारात मिळतं. मग अख्खी गाडी का घ्यायची? उत्तर पोऱ्याच्या हातातल्या डब्यात आहे. माउंटिंगचे ब्रॅकेट, क्लचची केबल, सेन्सर, पाण्याच्या नळ्या, क्लॅम्प, वायरिंगचा अख्खा गुंता, इंजिनाचा कॉम्प्युटर. नानांची गाडी एमपीआय, म्हणजे इंजेक्शनची आहे. कार्बोरेटरचं इंजिन स्वस्तात मिळत होतं, पण त्याची जुळणीच वेगळी. इकोचं तर चार सिलिंडरांचं. नावच काढायला नको. ओम्नीचं ओम्नीला, त्यातही तेच मॉडेल. असं असलं की एकही भोक नव्यानं पाडावं लागत नाही. नुसतं इंजिन आणलं, तर एका ब्रॅकेटसाठी दुपार जाते.

आता पोऱ्या नानांच्या गाडीखाली. पाठीखाली पुठ्ठा. फक्त पाय दिसतात आणि आवाज येतो. “बारा!” बाराचा रिंग पाना आत जातो. “चौदा!” प्रोपेलर शाफ्ट सुटतो. गिअरचे रॉड, स्पीडोमीटरची केबल, सायलेन्सरचा पाइप. एक नट गंजून बसलाय. त्यावर डिझेल ओततात आणि सगळे थांबतात. थांबणं हेही इथं कामच आहे. पलीकडून जळगावकडं जाणारी गाडी शिटी देते. पोऱ्या हात पुसायला साडीची कापलेली पट्टी घेतो. सुरतेत चिंधीची वानवा नाही. तेल निघतं, पण घाम त्या पॉलिस्टरनं टिपला जात नाही. तो दंडावर पुसायचा.

नट सुटतो. इंजिनाखाली जॅक, त्यावर जुना टायर. माउंटिंगचे शेवटचे बोल्ट निघतात आणि इंजिन सावकाश टायरवर उतरतं. आता उलटा हिशेब: इंजिन वर काढायचं नाही, गाडीच वर उचलायची. चेन कुप्पी कडकडते. पुढचा भाग चढत जातो, १२ इंची चाकं लोंबतात. बसलेले मालकही उठून हात लावतात. इंजिन टायरसकट ओढून बाहेर. पोऱ्या घोड्या सरकवतो. कुप्पीच्या भरवशावर कुणी खाली जायचं नाही, हा नियम मिस्तरी ओरडूनच सांगतो.

पांढरीचंही असंच उतरतं. दोन्ही इंजिनं शेजारी शेजारी. जेवणाचे डबे उघडतात. कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा. खाता खाता यादी होते. इंजिन बाहेर आहे तोवर क्लचप्लेट नवी, क्रँकचं मागचं ऑइल सील नवं, टायमिंग बेल्ट नवा, वॉटर पंप हलवून पाहायचा. नाना विचारतात, “बेल्ट चांगला दिसतोय ना?” मिस्तरी भाकरी मोडतो. “दिसतोय. तुटला तर वाटेतच उभं राहायचं.” नाना पैसे काढतात. पोऱ्या स्कूटर घेऊन स्पेअर पार्टच्या दुकानी.

चढवणं उतरवण्याहून जास्त वेळ खातं. गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लचमध्ये शिरत नाही. थोडं वर, थोडं डावीकडं, पुन्हा बाहेर. मग एकदम आत. सीएनजीचं मिक्सर आणि गॅसची नळी शेवटी. त्या जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहतात. जेमतेम ३ लिटर ऑइल जातं. पाणी भरायला मात्र तासभर, कारण एवढ्या लांब नळ्यांत हवा धरते. भरायचं, थांबायचं, नळी दाबायची, पुन्हा भरायचं.

मिस्तरी प्लग काढूनच स्टार्टर मारतो. ऑइलचा दिवा विझतो. प्लग बसतात. दुसऱ्या दमात इंजिन पकडतं. तीन सिलिंडरांची ती थरथर पत्र्यात उतरते. काटा अर्ध्याजवळ येऊन उभा राहतो. सगळे त्या काट्याकडंच पाहतायत.

नाना किल्लीकडं हात नेतात. मिस्तरी आधी कागद मागतो. इंजिनाच्या ब्लॉकवर कोरलेल्या नंबरावर कागद धरून पोऱ्या शिसपेन्सिल घासतो. आकडे उमटतात. नानांच्या आरसीवर जुन्या इंजिनाचा नंबर आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं, बदल केल्यावर १४ दिवसांत आरटीओला कळवायचं. परवानगीचा अर्ज नानांनी आधीच केलाय. तुटलेल्या ओम्नीची नोंद रद्द करायला ५५ वं कलम. तिथंही १४ दिवस. त्या गाडीच्या आरसीची प्रत आणि बिल सोबत नसेल, तर हे इंजिन चोरीचं नाही हे कोण मानणार?

नाना कागदांची घडी खिशात घालतात. मिस्तरी ती बाहेर काढायला लावतो. पिशवीत घालून देतो.

“घामानं पेन्सिल पुसली जाते, नाना. आणि रोज सकाळी पाणी बघायचं. पोरं बसायच्या आधी.”

मागं कुणीतरी पांढऱ्या ओम्नीच्या उरलेल्या दोन दरवाजांचा भाव विचारतंय.