सभेचा इतिहास कुणी सांगावा?

११ ऑक्टोबर १९६२ रोजी रोमच्या सेंट पीटर चर्चमध्ये जगभरचे दोन हजारांहून अधिक बिशप जमले. पोप तेविसावे जॉन यांनी बोलावलेली ही दुसरी व्हॅटिकन परिषद ८ डिसेंबर १९६५ ला संपली. तिने १६ दस्तऐवज संमत केले. वसईच्या चर्चमध्ये आज मिस्सा मराठीतून होते, तिचे मूळ त्यांतच!

पण ठराव म्हणजे सगळी सभा नव्हे. फ्रेंच पंडित ईव्ह काँगार यांना १९५४ मध्ये वरिष्ठांनी अध्यापनातून दूर केले होते. तेच पुढे परिषदेचे तज्ज्ञ झाले. तेथली वादावादी त्यांनी रोजनिशीत टिपली आणि २००० सालापर्यंत ती उघडू नये, अशी ताकीद दिली. २००२ मध्ये ती छापली गेली.

बोलोन्याचे जुझेप्पे आल्बेरिगो यांनी अशा खाजगी कागदांचाही आधार घेऊन पाच खंडांचा इतिहास संपादिला. आर्चबिशप अगोस्तिनो मार्केत्तो यांनी त्यावर कोरडे ओढले. रोजनिशीत लिहिणाऱ्याचे रागलोभ उतरतात, खरा आधार अधिकृत दप्तराचाच, असे त्यांचे म्हणणे.

लग्नाच्या यादीवर देण्याघेण्याचे आकडे असतात. बोलणी मोडता मोडता कशी जुळली, हे बैठकीतल्या आत्याबाईंनाच ठाऊक. आत्याबाई आपल्याच बाजूने सांगणार, हे खरे. पण म्हणून त्यांना विचारायचेच नाही की काय?