एका ओढ्याच्या दोन तीरांवर

बव्हेरिया आणि थुरिंजिया या जर्मनीतील दोन प्रांतांच्या सरहद्दीवर म्योडलारॉइट नावाचे जेमतेम पन्नास वस्तीचे खेडे आहे, आणि त्याच्या मधून टानबाख नावाचा, पोरासोरांनीही एका उडीत ओलांडावा असा, ओढा वाहतो. १८१० साली बव्हेरियाचे राज्य आणि रॉइसचे चिमुकले संस्थान यांच्या हद्दी ठरल्या, तेव्हा हद्दीचे दगड या ओढ्याकाठी रोवले गेले. पण कोणत्या तीरावर कोणाचा अंमल एवढाच प्रश्न त्या दगडांनी सुटला, आणि गावच्या सोयरिकी, शेतांची वहिवाट व मुलांची शाळा यांत त्यांच्यामुळे पुढील सव्वाशे वर्षे फारसे कोणी अडखळले नाही.

मग १२ सप्टेंबर १९४४ रोजी, महायुद्ध ऐन भरात असताना, अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत रशिया यांच्या वकिलांनी लंडनमध्ये बसून उद्याच्या पराभूत जर्मनीची लष्करी अंमलासाठी वाटणी केली. आणि नवी रेषा आखण्याच्या खटाटोपात न पडता त्यांनी बहुतेक ठिकाणी प्रांतांच्या आयत्याच हद्दी उचलल्यामुळे, संस्थानी दप्तरातला हा क्षुद्र ओढा दोन परस्परविरोधी जगांची सीमा होऊन बसला. वाटणी तात्पुरती होती. परंतु १९४९ मध्ये तिच्यातून दोन राज्ये निपजली, १९५२ मध्ये गावात कुंपण आले, १९६६ मध्ये सातशे मीटर लांबीची काँक्रीटची भिंत उभी राहिली, आणि पूर्व तीरावरच्या माणसाने पलीकडच्या आप्ताला नुसता हात हलवून दाखवण्याचीही मनाई झाली.

बर्लिनच्या भिंतीची हकीकत सर्वश्रुत आहे. मला तिच्याहून अधिक बोलकी वाटते ती १९४५ च्या जून महिन्यातील एक गोष्ट. येना आणि लाइपझिग ही शहरे एप्रिलात अमेरिकन फौजांच्या हाती आली होती, पण लंडनच्या करारान्वये ती रशियनांच्या वाट्याची असल्याने जुलैच्या आरंभी सोडावी लागणार होती. जाता जाता अमेरिकनांनी येनातील त्साइस या जगद्विख्यात भिंगांच्या कारखान्याचे संचालक, शास्त्रज्ञ आणि तंत्रज्ञ मिळून ८४ माणसे कुटुंबांसह गाड्यांत घालून पश्चिमेस नेली. मागाहून आलेल्या रशियनांनी मग कारखान्याची यंत्रे उचकटून आपल्या देशी धाडली. अशा रीतीने पश्चिमेकडे ओबरकोखेनला एक आणि पूर्वेकडे येनाला एक अशी एकाच नावाची दोन घराणी निर्माण झाली, आणि त्या नावाच्या हक्कासाठी देशोदेशींच्या न्यायालयांत त्यांचे दावे वर्षानुवर्षे चालले. लाइपझिगचे ब्रॉकहाउस हे कोशांचे प्रकाशनगृह वीसबाडेनला गेले. केम्निट्सच्या आउटो युनियन कंपनीने इंगोलश्टाट येथे नवा संसार मांडला, आणि आजच्या आउडी मोटारीवरील चार कडी ही तिचीच खूण. तिच्या त्स्विकाउ येथील जुन्या कारखान्यांत मात्र राळ आणि कापसाचा टाकाऊ भाग दाबून बनवलेल्या पत्र्यांची ट्राबांट गाडी तयार होऊ लागली, जिच्यासाठी गिऱ्हाइकाने दहा-दहा वर्षे नंबर लावून बसावे. भांडवल एक वेळ पुन्हा जमते. कारखाना चालवणारी माणसे आणि त्यांच्या ओळखीपाळखी एकदा गेल्या की सहसा परतत नाहीत.

१९८९ च्या नोव्हेंबरात बर्लिनची भिंत उघडली, आणि अवघ्या आठ महिन्यांत, १ जुलै १९९० रोजी, पश्चिमेचे चलन पूर्वेला लागू झाले. मजुरी एकास एक या भावाने नव्या मार्कात मोजली जाऊ लागली. माल मात्र कालचाच होता, आणि तो घेणारी पूर्व युरोपची बाजारपेठ त्याच सुमारास ढासळत होती. सुमारे साडेआठ हजार सरकारी उद्योग आणि त्यांतील ४० लाख कामगार ‘ट्रॉयहांट’ नावाच्या विश्वस्त संस्थेच्या ताब्यात आले. तिने १९९४ च्या अखेरीपर्यंत त्यांतले बहुतेक विकले किंवा बंद केले, आणि तिचे प्रमुख डेटलेफ रोव्हेडर यांचा १ एप्रिल १९९१ रोजी राहत्या घरी गोळी घालून खून झाला. या घाईला दोष देणे आज सोपे आहे, पण पश्चिमेचा मार्क मिळाला नाही तर आम्हीच तिकडे निघून येऊ, असे त्या वेळी पूर्वेच्या रस्त्यांवरील लोकच बजावत होते, हेही खरे.

तथापि पूर्व-पश्चिमेतला प्रत्येक फरक फाळणीच्या या चाळीस वर्षांच्या खात्यावर मांडणे मला रास्त वाटत नाही. पूर्वेच्या सॅक्सनी आणि थुरिंजिया प्रांतांत गिरणी-कारखान्यांतला मजूरवर्ग मोठा होता, आणि देवळात जाण्याची आस्था महायुद्धापूर्वीच पातळ झाली होती. साम्यवादी राजवटीने त्या उताराला जोर दिला. आईने कामावर जावे आणि तान्ह्या मुलाने पाळणाघरात वाढावे ही तिकडची रीत मात्र निश्चितपणे त्या राजवटीची, आणि ती राजवट गेल्यावरही टिकली आहे. निवृत्तिवेतनाचा हिशोब दोन्हीकडे सारखा व्हायला २०२३ चा जुलै उजाडला. आणि फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत कडव्या उजव्या एएफडी पक्षाने बर्लिन वगळता पूर्वेच्या पाचही प्रांतांत पहिला क्रमांक मिळवला, तेव्हा निकालाच्या नकाशावर जुनी सरहद्द कोणी न आखता पुन्हा उमटली.

त्या नकाशाच्या पूर्व टोकाला होयर्सवेर्डा आहे. जवळच्या तपकिरी कोळशाच्या प्रचंड उद्योगासाठी १९५० नंतरच्या दशकात तेथे तयार काँक्रीट पाटांचे नवे शहर रचले गेले, आणि १९८० च्या सुमारास त्याची वस्ती सत्तर हजारांवर पोहोचली; आज ती निम्म्याहून कमी आहे. कामे गेली तशी तरुण माणसे पश्चिमेला गेली, आणि पूर्वेच्या इतर गावांप्रमाणे त्यांत मुलींचा भरणा अधिक होता. रिकाम्या इमारती मग यारी लावून, वरच्या मजल्यापासून पाट उतरवीत, पाडण्यात आल्या. जेथे त्या होत्या तेथे आता गवत आहे.