सरहद्दीपलीकडचे स्वस्त विमान

सावंतवाडी-बांद्याकडची मंडळी पत्रादेवीचा नाका ओलांडून गोव्यात जातात आणि गाडीची टाकी भरून परत येतात, हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक आहे. पेट्रोल तेच, पण राज्य बदलले की कर बदलतो आणि कराबरोबर भाव बदलतो. आज जी हकीगत सांगावयाची आहे ती याच जातीची आहे. फरक इतकाच की, तिथे माणसे पेट्रोलसाठी नव्हे, तर विमानात बसण्यासाठी सरहद्द ओलांडतात.

हॉलंडच्या सरहद्दीला अगदी लागून, जर्मनीच्या बाजूस वेत्से नावाचे एक लहानसे गाव आहे. तिथे ब्रिटिश हवाई दलाचा लारब्रुख हा तळ होता. 1999 साली तो बंद झाला आणि मागे राहिली एक लांबलचक धावपट्टी. 2003 च्या मे महिन्यात तिथे नागरी विमानतळ सुरू झाला. अशा आडगावच्या विमानतळाला गिऱ्हाईक हवे असते, आणि रायनएअरसारख्या काटकसरी कंपनीला थोड्या खर्चाची जागा हवी असते, दोघांचे जमले. आयर्लंडची कंपनी जर्मनीतून स्पेनला उतारू कशी नेऊ शकते, असे कोणी विचारील. युरोपातील संघराष्ट्रांनी 1990 नंतरच्या दशकात हवाई वाहतुकीवरची राष्ट्रीय बंधने काढून टाकली, आणि त्याच दशकात, 1995 पासून, हॉलंड-जर्मनीच्या सरहद्दीवरची पासपोर्टची नेहमीची तपासणीही थांबली. नायमेखनच्या गृहस्थाला वेत्से आता परदेश वाटेना. सुमारे चाळीस किलोमीटरचा मोटारप्रवास एवढेच त्याचे मोल.

आता कराकडे वळू. 1 जुलै 2008 रोजी हॉलंड सरकारने विमानाने निघणाऱ्या प्रत्येक उतारूवर कर बसविला : जवळच्या प्रवासाला 11.25 युरो, दूरच्या प्रवासाला 45. पर्यावरणासाठी हा कर, असे सांगण्यात आले. हॉलंडात केवळ विमान बदलणाऱ्या उतारूला मात्र तो माफ होता. भार पडला तो घरच्या माणसावर. आणि तोही सारखा नव्हे. चारशे युरोंच्या तिकिटावर अकरा युरो कोणाच्या लक्षातही येत नाहीत, पण वीस युरोंच्या तिकिटावर ते निम्म्याहून अधिक होतात. म्हणून स्वस्त तिकिटाचा प्रवासीच आधी हलला. चौघांच्या कुटुंबाचे जवळच्या प्रवासात 45 युरो, दूरच्या प्रवासात 180 युरो वाचत; मोटारीचे पेट्रोल त्यापुढे काय?

या व्यवहारात एक गोष्ट मला बोचते. ज्याच्यापाशी मोटार आहे तो कर चुकवू शकला. ज्याच्यापाशी नाही, किंवा जो सरहद्दीपासून लांब राहतो, तो मुकाट्याने भरत राहिला. शिवाय पर्यावरणाचे काय साधले? विमान उडावयाचे ते उडालेच, फक्त शेजारच्या देशातून. वर मोटारीचा धूर निराळा.

त्याच सुमारास जगभर आर्थिक मंदी आली, त्यामुळे उतारू किती कराने घटले आणि किती मंदीने, हे वेगळे काढणे सोपे नाही. पण सरकारने धीर सोडला, आणि 1 जुलै 2009 पासून, म्हणजे बरोबर एका वर्षाने, कराचा दर शून्यावर आणला.

गंमत पुढेच आहे. 1 जानेवारी 2011 पासून जर्मनीने स्वतःच असा कर बसविला. जवळच्या प्रवासाला 8 युरो. काटकसरी कंपनीने वेत्सेहून विमाने कमी केली. 2010 साली तेथून सुमारे 29 लाख उतारूंची ये-जा झाली होती. पुढल्या वर्षी ती 24 लाखांच्या आसपास आली. शेजाऱ्याच्या कराने वाढलेला धंदा घरच्या कराने आटला.

हॉलंडने 2021 मध्ये कर पुन्हा आणला. 2024 साली तो माणशी 29.05 युरो होता, प्रवास जवळचा असो की दूरचा. जर्मनीत त्याच वर्षीच्या मे महिन्यापासून जवळच्या प्रवासाला 15.53 आणि अतिदूरच्या प्रवासाला 70.83 युरो पडू लागले. म्हणजे स्पेनला जाणाऱ्या डच माणसाने पूर्वेकडे जावे, आणि जपानला जाणाऱ्या जर्मनाने पश्चिमेकडे यावे, असा हिशेब त्या वर्षी झाला.