फक्त सहा पेट्या उरल्या!

मुलांनो, एप्रिल-मे महिन्यात आईचा फोन सारखा वाजू लागला की ओळखावे, हापूस आला! अमेरिकेने २००७ साली भारतीय आंब्याला दार उघडले. भारतात त्याच्यावर विकिरणाची प्रक्रिया होते आणि मग तो विमानाने इथे येतो. तो महाग असतो आणि फार दिवस टिकत नाही. म्हणून देशी दुकानदार ढीग लावून बसण्यापेक्षा व्हॉट्सअ‍ॅपवर आधीच मागणी गोळा करतो.

"ताई, तुमच्यासाठी दोन पेट्या ठेवू का?" असा निरोप आला की आईला वाटते, काकांनी आठवण ठेवली! खरे तर ब्रॉडकास्ट लिस्ट वापरून तोच निरोप एका वेळी २५६ जणांना पाठवता येतो. प्रत्येकाला मात्र तो आपल्या एकट्यालाच आल्यासारखा दिसतो. गंमत म्हणजे, ज्यांच्या फोनमध्ये दुकानाचा नंबर साठवलेला असतो, त्यांनाच तो पोचतो. बिल देताना काका "नंबर सेव्ह करा हं" असे का म्हणतात, ते आता कळले ना?

ग्रुपची तऱ्हा वेगळी. तिथे एक काकू "+२" लिहितात, लगेच दुसऱ्या "+४" लिहितात. शेजारणीने घेतल्या हे दिसले की आपलाही हात फोनकडे जातो. मग येते ती ओळ: "फक्त सहा पेट्या उरल्या!" विमानाने माल मोजकाच येतो, त्यामुळे कधी ते खरेही असते. एकदा मी ती ओळ वाचून घाईने चार पेट्यांचे पैसे पाठवले. संध्याकाळी पुन्हा निरोप, "आणखी पेट्या उपलब्ध!" मुलीने विचारले, "आई, सहाच होत्या ना?" मला उत्तर देता आले नाही. त्यातली एक पेटी डागाळलेली निघाली. तसे ग्रुपवर लिहिले, तर माझा निरोप दिसेनासा झाला. २०२२ पासून ग्रुपच्या अ‍ॅडमिनला कोणाचाही निरोप सर्वांसाठी पुसता येतो. तिथे नुसते कौतुकच का दिसते, ते तेव्हा उमगले!

अर्थात छोट्या दुकानदाराला मोठ्या जाहिराती कुठून परवडणार? व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे अ‍ॅप २०१८ पासून फुकट मिळते. "नमस्कार, लवकरच उत्तर देतो" हे त्यात आधीच लिहून ठेवता येते. काका गल्ल्यावर असले तरी फोन आपोआप उत्तर धाडतो.

पुढच्या वर्गाला येताना, आईबाबांना विचारून, असा एक निरोप वहीत उतरवून आणा. नाव-नंबर मात्र लिहू नका. तो एकाला लिहिलेला की अनेकांना, हे आपण मिळून ओळखू.