भुलीचं औषध, नैराश्यावर

"डॉक्टर, एक सलाईन लावा की!" कोल्हापुरातल्या कुठल्याही दवाखान्यात बसा, हे वाक्य कानावर पडतंच. सलाईन लागल्याशिवाय उपचार झाले असं आपल्याला वाटतच नाही. त्यामुळे नैराश्यावर सलाईनमधून द्यायचं औषध निघालंय म्हटल्यावर राधानगरीपासून गडहिंग्लजपर्यंत कान टवकारले गेले तर नवल नाही. पण हे सलाईन एकदा लावून घरी जायचं नव्हे.

औषधाचं नाव केटामाइन. 1962 साली अमेरिकेत तयार झालेलं, 1970 साली तिथं मान्यता मिळालेलं, व्हिएतनाम युद्धात जखमी सैनिकांना दिलेलं हे जुनं भुलीचं औषध. त्यात श्वास सहसा मंदावत नाही, म्हणून फारशी यंत्रसामग्री नसलेल्या लहान इस्पितळांचा ते आधार ठरलं. 2000 साली येल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी अवघ्या सात रुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि भुलीपेक्षा कमी मात्रेत हे औषध नैराश्य हलकं करतं असं दिसलं. तेही काही तासांत.

नेहमीच्या गोळ्या प्रामुख्यानं सेरोटोनिनवर काम करतात आणि गुण यायला चार-सहा आठवडे घेतात. केटामाइनचा रोख ग्लुटामेट या दुसऱ्या रसायनाकडे असतो. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी जिथं जोडल्या जातात, ते दीर्घ नैराश्यात विरळ झालेले सांधे त्यामुळे पुन्हा तयार होऊ लागतात, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. माणसात नेमकं काय घडतं, यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही.

हा पहिला उपाय नव्हे. दोन वेगवेगळी औषधं पुरेशा मात्रेत, पुरेसे आठवडे घेऊनही उतार पडला नाही, तर मानसोपचारतज्ज्ञ याचा विचार करतात. 'पुरेसे आठवडे' हे शब्द महत्त्वाचे. दहा दिवस गोळी घेऊन सोडली, तर तो प्रयत्न धरतच नाहीत. रक्तदाब आटोक्यात नसेल, हृदयाचा गंभीर विकार असेल, पूर्वी भास-भ्रम झाले असतील, व्यसन असेल किंवा गर्भारपण असेल, तर हे आधी सांगा. लाजून लपवलेली दारू इथं महागात पडते.

प्रत्यक्ष दिवशी काय होतं? मात्रा साधारणपणे वजनाच्या दर किलोला अर्धा मिलिग्रॅम. म्हणजे 60 किलोच्या माणसाला 30 मिलिग्रॅम, आणि तेही 40 मिनिटांत थेंब थेंब. बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा, दंडाला रक्तदाबाचा पट्टा. दहा-पंधरा मिनिटांत जीभ, ओठ बधिरल्यासारखे होतात, पंख्याचा आवाज लांबून आल्यासारखा वाटतो, आपलं शरीर आपलं नसल्यासारखं भासतं. कुणाला हे तरंगणं बरं वाटतं, कुणी घाबरतं. मळमळ होते, रक्तदाब चढतो. सलाईन संपल्यावर हे सहसा तास-दोन तासांत ओसरतं, पण तेवढा वेळ दवाखान्यातच थांबायचं. बरोबर घरचं माणूस हवं, आणि त्या दिवशी गाडीला हात लावायचा नाही. पोटाचं काय, किती तास उपाशी राहायचं, हे डॉक्टरांनाच विचारा.

खरी मेख पुढं आहे. एका सलाईनचा गुण काही दिवसच टिकतो. म्हणून आठवड्यातून दोनदा, दोन-तीन आठवडे असा पहिला क्रम बहुधा असतो. पुढं किती आणि किती अंतरानं, ते माणसागणिक बदलतं. सगळ्यांना गुण येतोच असं नाही. गुण आल्यावरच्या हलक्या दिवसांत गोळ्या आणि समुपदेशन चालू ठेवलं, झोप-जेवण रुळावर आणलं, तर ते दिवस कामी येतात. "बरं वाटतंय की आता" म्हणत सगळं सोडणारा माणूस पुन्हा खाली जाण्याची भीती जास्त. माझ्या मते रुग्णाला सगळ्यात कमी सांगितली जाणारी गोष्ट हीच.

नशेसाठी गैरवापर होत असल्यामुळे भारतात केटामाइन औषधनियमांच्या 'शेड्यूल एक्स' या कडक नियंत्रणाच्या यादीत आहे. भीती पोकळ नाही: 2013 च्या डिसेंबरात जळगावच्या एका कारखान्यात महसूल गुप्तचर विभागाला हजार किलोहून जास्त केटामाइन सापडलं होतं. वारंवार, मोठ्या मात्रेत घेतलं तर मूत्राशयाची नासाडी होते. म्हणून "घरी घ्या" म्हणून कुणी बाटली हातात देत असेल, तर तिथून उठावं.

आणखी एक. एस्केटामाइन या भावंडाच्या नाकातल्या फवाऱ्याला अमेरिकेनं 2019 साली नैराश्यासाठी मान्यता दिली. साध्या केटामाइनची मान्यता मात्र भुलीसाठीच आहे. नैराश्यावर ते डॉक्टरांच्या निर्णयावर दिलं जातं. ही गोष्ट संमतीपत्रात लिहिलेली आहे का, ते वाचूनच सही करा. एकूण किती सलाईन, खर्च किती, आणीबाणी झाली तर ऑक्सिजन आणि भूलतज्ज्ञ हाताशी आहे का, हेही आधी विचारा.

कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात जा किंवा खासगी मानसोपचारतज्ज्ञाकडे, जुने केसपेपर आणि आजवर घेतलेल्या सगळ्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या बरोबर न्या. आणि जीव द्यावासा वाटत असेल, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो आणि तिथं मराठीत बोलता येतं.