कागदामागची धाव

खेळ म्हटला की हारजीत आली, पंच आले आणि पाठोपाठ भांडणही आले. पण एक खेळ असा आहे की, त्यात पहिल्या येणाऱ्याला कुणी हार घालीत नाही आणि मागे राहिलेल्याची मात्र सारेजण वाट पाहतात. आमची दहाबारा जणांची टोळी महिन्यातून एका रविवारी तो खेळते. पुष्कळ वाचकांना तो नवा असेल, म्हणून आधी त्याची कुळकथा सांगतो.

इंग्लंडातल्या शाळांतून मुले फार पूर्वीपासून ‘ससा आणि शिकारी’ खेळत. ससा झालेली मुले कागदाचे कपटे टाकीत पुढे पळायची आणि बाकीची त्या कपट्यांच्या मागावर सुटायची. टॉमस ह्यूजच्या १८५७ सालच्या ‘टॉम ब्राऊन्स स्कूलडेज’ या कादंबरीत रग्बी शाळेतल्या अशा धावेचे वर्णन आहे. पुढे १९३८ मध्ये क्वालालंपूरला गिस्पर्ट नावाच्या एका हिशेबनिसाने हा पोरखेळ मोठ्यांसाठी सुरू केला. ही मंडळी जिथे जेवत, तिथल्या बेचव अन्नामुळे त्या जागेला ‘हॅश हाऊस’ असे टोपणनाव पडले होते. खेळाच्या मंडळाने तेच नाव उचलले. गिस्पर्ट १९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूरच्या लढाईत मारला गेला, पण त्याचा खेळ जगला आणि जगभर पसरला. १९५० साली मंडळाची रीतसर नोंदणी झाली, तेव्हा उद्दिष्टांत व्यायामाबरोबरच, वडीलधाऱ्या सभासदांना ‘तुम्हाला वाटते तितके तुम्ही म्हातारे नाही’ हे पटवून देणे, असेही एक कलम होते. ते कलम वाचूनच मी या टोळीत शिरलो!

खेळाची रीत सोपी आहे. ससा आधी जाऊन कागदाने किंवा पिठाने माग आखतो. मध्येच एखाद्या तिठ्यावर तो एक वर्तुळ काढतो, आणि तिथून माग नाहीसा होतो. मग चपळ मंडळी चारी दिशांना खरी वाट हुडकत फिरतात. काही वाटा मुद्दाम फसव्या असतात. खरा माग सापडला की ‘ऑन, ऑन’ अशी आरोळी उठते. यात गंमत अशी की, पुढचे भटकून दमतात तोवर मागचे रमतगमत येऊन पोहोचतात. सशाचे सारे कसब यातच, की तरणा आणि पोक्त, दोघेही एकाच वेळी मुक्कामाला आले पाहिजेत.

गेल्या माघात आमच्या सशाने किन्हवलीच्या पुढचा मुलूख निवडला. शहापूर तालुका संपून मुरबाडची हद्द लागते, तो भाग. आसनगाव स्टेशनावर उतरलो, तेव्हा माहुलीचे सुळके धुक्यातून नुकते वर येत होते. भाताची कापणी केव्हाच झालेली. खाचरांतून उरल्या ओलीवर वाल तरारला होता, म्हणून सशाने माग बांधाबांधानेच नेलेला. पळसाला कळ्या धरल्या होत्या. दोन मैल कसे गेले ते कळलेही नाही. आणि एका ओढ्यापलीकडे कागद एकदम संपले!

वर्तुळ नाही, पीठ नाही. अर्धा तास आम्ही करवंदीच्या जाळ्या धुंडाळल्या. शेवटी पाड्याच्या कडेला एका झोपडीपाशी पाहतो तो, ओट्यावर दगडाखाली आमचे कागद नीट रचून ठेवलेले, आणि शेजारी एक आजी सुपात वाल पाखडीत बसलेली.

“आजी, हे कागद तुम्ही उचललेत का?”

“मीच उचलले. मोजणीच्या खुणा वाटल्या मला. कुणाचं रान जायचंय आता?”

आमच्यातला एकही हसला नाही. या तालुक्यांना मोजणीचा अर्थ पक्का ठाऊक आहे. तानसा, मोडकसागर, भातसा हे तिन्ही जलाशय शहापूर तालुक्यातले. मुंबईची तहान ते भागवतात, आणि याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला, तोही शहापूरची जमीन घेऊनच. मुरबाडकडे काळू नदीवरच्या धरणाचा वाद तर किती वर्षांचा आहे! अशा मुलखात बांधावर पांढरी खूण दिसली की माणसाच्या छातीत धस्स होणारच. आजीने भांडण केले नाही, अर्ज केला नाही. तिने वाकून वाकून खुणाच पुसून टाकल्या.

आम्ही खेळाची हकीकत सांगितली. तिला ती पटली की नाही, देव जाणे. “म्हणजे कुणी पळालंय, नि त्याला धरून काय करायचं नाही?” असे विचारून ती मनापासून हसली. तांब्याभर पाणी पुढे करीत म्हणाली, “बेतानं प्या बाबांनो. विहीर तळाला लागायला लागलीय. का मुंबैचं पाणी संपलं म्हणून इकडं पळत आलात?” दहा जणांनी एकेक घोट घेतला. मग तिचा नातू वाट दाखवायला निघाला. प्रत्येक फाट्यावर तो डहाळी मोडून तीवर दगड ठेवायचा, मागून येणाऱ्यांसाठी. कागद लागला नाही, पीठ लागले नाही. टोळीतला सर्वांत मागचा गडीदेखील चुकला नाही.

परतताना मुरबाडला चहा घेताना सिद्धगडाचा विषय निघाला. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना पोलिसांनी २ जानेवारी १९४३ रोजी तिथेच गाठले, आणि दोघेही हुतात्मा झाले. आझाद दस्त्याची ती माणसे याच डोंगररानात लपत होती. म्हणजे गिस्पर्ट गेला त्याला वर्षही झाले नव्हते, आणि आमच्या या रानात एक खराखुरा पाठलाग चालू होता. त्या दिवसांत वाटेवरची खूण पुसणे हेच प्राण वाचवणे होते.

आमच्या टोळीने आता दोन नियम केले आहेत. ससा आदल्या दिवशी पाड्यावर जाऊन गावकऱ्यांना सांगून येतो, आणि सर्वांत मागचा गडी सारे कागद वेचीत येतो. पाणी ज्याचे त्याने घरून आणायचे, हे तर न सांगताच ठरले. दिवाळी झाली की पुन्हा त्याच वाटेने जायचे आहे. त्या नातवाने आम्हाला निरोप पाठवला आहे: “या खेपेला ससा मी होणार. बघू, शोधता का!”