पडवीतला झोपाळा, कानातलं पाणी

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात माणगावच्या बाजारात जरा उभे राहा. मुंबई-गोवा महामार्गावर चाकरमान्यांच्या गाड्यांची रांग, एसटीचे हॉर्न, फुलवाल्यांची ओरड, त्यात कुठल्यातरी मंडळाची ढोलांची तालीम. बहुतेक पोरं हरखून जातात. एखादं मात्र दोन्ही कान गच्च दाबून आईच्या पदरात डोकं खुपसतं आणि बघणारे निकाल देऊन टाकतात, "फाजील लाड, दुसरं काय!"

त्याच्या उलट तऱ्हेचं मूलही त्याच गर्दीत असतं. गुडघा फुटला तरी त्याला पत्ता नसतो. भिंतीवर, गादीवर, माणसांवर ते आदळत राहतं, शर्टाची कॉलर चावून चावून भिजवतं. त्याला आपण द्वाड म्हणतो. पण दोघांच्या अडचणीचं मूळ एकच असू शकतं: डोळे, कान, त्वचा यांच्याकडून जे आत येतं त्याचा मेंदूत नीट मेळ बसत नाही. एकाला सगळं फार जोरात पोचतं, दुसऱ्याला पुरेसं पोचतच नाही. काही मुलांत तर दोन्ही तऱ्हा नांदतात, आवाज सोसत नाही पण धडपडीची हौस फिटत नाही.

इतिहास थोडक्यात उरकतो. कॅलिफोर्नियातल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट ए. जीन एअर्स यांनी १९७२ साली पुस्तक लिहून ही मांडणी केली. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत २०१३ पासून संवेदनांना अति किंवा अत्यल्प प्रतिसाद हे स्वमग्नतेच्या लक्षणांमध्ये धरलं जातं, पण स्वतंत्र आजार म्हणून याला तिथे जागा नाही. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१२ साली असं वेगळं निदान करू नका असंच सांगितलं. तज्ज्ञांचा वाद चालू राहील; पोराचा त्रास तोवर थांबत नाही.

माझी खरी गोडी झोपाळ्याची. शाळेत पाच ज्ञानेंद्रियं शिकवतात, त्यात दोन जाणिवा राहून जातात: स्नायू-सांध्यांची आणि तोलाची. तोलाचं यंत्र कानाच्या आत असतं. प्रत्येक कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि त्यांत द्रव. डोकं फिरलं की द्रव क्षणभर मागे रेंगाळतो, केसांसारखे बारीक तंतू वाकतात आणि मेंदूला वर्दी जाते. शेजारीच कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक असतात. सरळ रेषेतली हालचाल आणि गुरुत्वाकर्षण त्यांच्यामुळे कळतं. या यंत्रावरच्या संशोधनासाठी व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानी यांना १९१४ सालचं नोबेल मिळालं. बातमी आली तेव्हा गृहस्थ महायुद्धात पकडले जाऊन रशियाच्या कैदेत होते!

गरगर फिरवलं की मूल चेकाळतं, संथ पुढे-मागे झुलवलं की बहुधा निवतं, ते या यंत्रामुळे. जिनिव्हात २०११ साली बारा प्रौढांना दुपारी झुलत्या पलंगावर निजवून पाहिलं, चार सेकंदांना एक झोका. स्थिर पलंगापेक्षा त्यांना लवकर झोप लागली. हे वाचून मी कागद-पेन्सिल घेतली. दोन मीटर साखळीच्या झोपाळ्याला एका पूर्ण झोक्यासाठी पावणेतीन सेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो. चार सेकंद हवे असतील तर साखळी चार मीटरची लागेल, म्हणजे थेट आढ्यालाच टांगायला हवी. पडव्या काही तेवढ्या उंच नसतात.

निजामपूरच्या बाजूच्या एका लग्नघरात नातू रडून बेजार झाला होता. सून त्याला चुचकारून थकली, तेव्हा आजी म्हणाल्या, "अगो, त्याच्याशी बोलू नको. झोपाळ्यावर बसव नि पायाने हळू झोका दे. आपसूक येईल जेवायला." आला. पुढे मुंबईतल्या एका थेरपी केंद्रात गेलो, तर छताच्या हुकांना झोपाळे आणि कापडी झोळ्याच टांगलेल्या! फरक एवढाच की तिथल्या ताई दर थोड्या वेळाने मुलाला विचारत होत्या, "अजून हवं की पुरे?" ही चौकशी मला झोपाळ्याइतकीच महत्त्वाची वाटते. मूल नको म्हणालं की थांबायचं. आणि झोपाळा हे औषध नव्हे. या उपचारांबद्दलचे पुरावे अजून तोकडे आहेत. तेव्हा कपडे घालणं, जेवण, झोप यांत काही सुधारणा दिसते का, हे महिना-दोन महिने बघावं आणि मगच पैसे मोजत राहावं.

इथे एका बाईंबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. अमेरिकेतल्या एलिझाबेथ लंडी विष्णू निंबकरांशी लग्न करून कमला निंबकर झाल्या आणि १९५० साली परळच्या केईएम रुग्णालयात त्यांनी ऑक्युपेशनल थेरपीची देशातली पहिली शाळा सुरू केली. फलटणचं कमला निंबकर बालभवन त्यांच्याच नावाचं. एवढी जुनी परंपरा मुंबईत, आणि माणगावकराला थेरपिस्ट गाठायला अजून बहुधा पनवेल-मुंबईचीच गाडी धरावी लागते. हे मला पटत नाही.

मोठ्या माणसांना तर कोणी विचारतच नाही. मिक्सर लागला की घराबाहेर जाणारे काका, मासळीबाजाराच्या वासाने दिवसभर डोकं धरणारी वहिनी, लेबल कापल्याशिवाय शर्ट न घालणारा भाऊ यांना आपण विक्षिप्त ठरवून मोकळे होतो. त्यांना उपदेश नको, सूट हवी. लग्नाच्या हॉलमधून मध्येच उठू द्यावं, मिक्सर लावण्याआधी हाक मारावी. जड गोधडीने काहींना शांत वाटतं. मुलाच्या बाबतीत ती त्याला स्वतःला बाजूला करता येईल एवढीच जड असावी, आणि तान्ह्या बाळावर मुळीच घालू नये. कान दाबणाऱ्या मुलाचे कान आधी डॉक्टरांना दाखवावेत; कधी दुखणं तिथेच असतं. आणि मंडळांनो, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालापासून कायद्याने आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा मुलं तपासायला येतं. त्यांना मूल पाच मिनिटं दिसतं, तुम्हाला दिवसभर. तेव्हा त्या दिवशी कामाचा खाडा करा, तिथे हजर राहा आणि मूल कशाने बिथरतं, कशाने निवतं ते स्वतः सांगा. पुढच्या तपासणीची चिठ्ठी मागून घ्यायला संकोच करू नका.